पंचक्रोशी म्हणजे किती लांब?

तुमचा प्रश्न असा: इंदूरजवळच्या देवगुराडियाच्या टेकडीखालच्या वस्तीची माहिती मराठीत लिहिताना सनावदिया, दुधिया या गावांना 'पंचक्रोशीतली गावं' म्हणावं का? कारण इंदुरात वाढलेल्या मुलांना हा शब्द ऐकला की उज्जैनची यात्राच आठवते.

म्हणावं, पण जागा पाहून. क्रोश म्हणजे मुळात हाक. 'आक्रोश'मध्येही तोच धातू आहे. हाक जाईल तेवढं अंतर म्हणजे क्रोश, आणि त्याचाच पुढे कोस झाला. कोस साधारण २ मैलांचा धरतात, म्हणजे ५ कोस झाले १६ किलोमीटर. देवगुराडियापासून एवढं रिंगण आखलंत तर शेजारचं रालामंडल अभयारण्य राहू द्या, राजवाड्यासकट अख्खं जुनं इंदूर त्या वस्तीच्या पंचक्रोशीत येईल! म्हणून मराठीत हा शब्द कुणी मोजून वापरत नाही. 'पंचक्रोशीत असा हाडवैद्य नाही' म्हणताना नाव कुठवर गेलंय ते सांगायचं असतं. मला तर त्यात ती मूळची हाकच ऐकू येते.

उज्जैनला मात्र पंचक्रोशी म्हणजे चालायची वाट. महाकाळाभोवती ११८ किलोमीटरची फेरी, चार दिशांना पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वेश्वर आणि दुर्दुरेश्वर हे द्वारपाल. यात्रा वैशाख कृष्ण दशमीला निघते. आपल्या घरच्या पंचांगात तीच चैत्र वद्य दशमी, कारण इकडचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. डोक्यावर शिध्याचं गाठोडं घेऊन उन्हात चालणाऱ्या माळवी बायका 'पंचकोशी' म्हणतात. बोलण्यात ते गोडच लागतं. मराठीत लिहिताना मात्र 'क्रो' सोडू नका. पंचकोश म्हटलं की वेदान्तातले अन्नमय, प्राणमय वगैरे पाच कोश डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांचा अंतराशी काही संबंध नाही.

आता तुमच्या लेखापुरतं. कुठलं गाव कुठे आहे हे सांगायचं असेल तिथे 'लगतची गावं' लिहा. बांधाला बांध भिडत असेल तर 'शिवेला लागून' म्हणा. शीव हा शब्द शहरी लेखनातून उगाच मागे पडलाय. महाशिवरात्रीच्या जत्रेबद्दल लिहाल तेव्हा मात्र 'पंचक्रोशीतून माणसं येतात' असंच लिहा. तिथे 'आसपासच्या गावांतून' अगदी मिळमिळीत वाटेल.