कोयनेत पाणी असताना टेंभूचं आवर्तन का लांबतं?

प्रश्न (खानापूर तालुक्यातील ऊस आणि द्राक्ष बागायतदार): साहेब, कोयनेत एवढं पाणी शिल्लक दिसतं, तरी टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) लांबतं. सगळं पाणी विजेलाच जातं का? तोवर उभ्या पिकाचं काय करायचं?

उत्तर: पिकं डोळ्यांदेखत सुकताना हा प्रश्न मनात येणारच. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची एकूण साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं पाणी दोन दिशांना जातं, आणि हा फरक लक्षात घ्या. पश्चिमेकडचं पाणी पोफळीच्या बाजूला वीज करून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरतं, ते आपल्याकडे परत येत नाही. म्हणून कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. हे वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. पूर्वेकडचं पाणी मात्र धरणाच्या पायथा वीजगृहातून सुटतं. २० मेगावॅटचे दोन संच मिळून २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी वीज करूनच कोयना नदीत येतं आणि कराडला कृष्णेला मिळतं. या वाटेवर वीज आणि शेती एकमेकांच्या आड येत नाहीत, उलट एकाच पाण्यावर दोन्ही कामं होतात.

अडचण पुढे आहे. टेंभूला कृष्णेचं पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं. त्यासाठी वीज लागते आणि शेतकऱ्यांची मागणी कागदावर असावी लागते. नमुना ७ चा पाणी मागणी अर्ज मुदतीत भरा, पाणी वापर संस्था असेल तर तिच्यामार्फत. शेजाऱ्यालाही भरायला लावा. शिवाय पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क आहे आणि फेब्रुवारीतला साठा पाऊस लागेपर्यंत पुरवायचा असतो.

खोडव्याचं (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचं) पाचट, म्हणजे वाळलेली पानं, अजिबात जाळू नका. सरीत पसरून दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. ओल टिकते आणि दोन पाण्यांतलं अंतर वाढवता येतं. ठिबक नसेल तर सरीआड सरी पाणी द्या.

द्राक्षात जास्त जपा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर डोळे फुटताना पाणी भरपूर लागतं, पुढे काडीतल्या डोळ्यांत सूक्ष्मघड (पुढच्या हंगामाच्या घडांची सुरुवात) तयार होताना ते कमी करायचं असतं. म्हणून शेततळ्यात फुटीपुरतं पाणी असल्याशिवाय कात्री लावू नका. आवर्तनाच्या नुसत्या बातमीवर छाटणी केली आणि पाणी आलं नाही, तर पुढच्या हंगामाचा माल जातो.

नवी ऊस लागण मात्र या उन्हाळ्यात, स्वतःची विहीर मे अखेरपर्यंत टिकत असेल तरच करा.