गोव्यात राहून टोर्नेडो आणि गडगडाटी वादळांवर कॉलेजचा प्रोजेक्ट करता येईल का?

तू लिहिलंयस की बीएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष आहे, टोर्नेडोवर प्रोजेक्ट करायचाय, पण गाईड म्हणतात गोव्यात कुठले टोर्नेडो, दुसरा विषय घे. (एकेरीत बोलतेय, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे.) माझं म्हणणं, विषय सोडू नकोस, फक्त थोडा सरकव. मी एमएस्सीचा प्रोजेक्ट एप्रिल-मेच्या गडगडाटी पावसावरच केला, तोही फोंड्यात घरी राहून.

टोर्नेडो हे शेवटी गडगडाटी ढगाचंच काम. अमेरिकेत वर्षाला साधारण १२०० होतात, कारण तिथे खाली मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा, तिच्यावर डोंगरपठारावरून आलेली कोरडी हवा आणि त्याच्याही वर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, त्यामुळे जमिनीपासून सहा किलोमीटरपर्यंत वाऱ्याचा वेग आणि दिशा इतकी बदलते की अख्खा ढगच गरगरायला लागतो, त्यालाच सुपरसेल म्हणतात. आपल्या बाजूला असं बंगाल, ओडिशा, बांगलादेश पट्ट्यात होतं. एप्रिल १९८९ मध्ये बांगलादेशात एका टोर्नेडोत १३०० च्या आसपास माणसं गेली, आणि ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडीत झाला तो तू बातम्यांत बघितलाच असशील. गोव्यात मे महिन्यात ओलावा भरपूर, ऊन भरपूर, पण उंचीनुसार वारा सहसा तेवढा बदलत नाही. म्हणून सत्तरी, धारबांदोडा, सांगे बाजूला दुपारी समुद्राचा वारा घाटापर्यंत पोचला की ढग भराभर चढतो, धो धो कोसळतो आणि तासाभरात संपतो.

आता खरा प्रश्न हा की अशा दुपारी काही दिवस वीज-वारा-पाऊस सगळं येतं आणि काही दिवस नुसता घामटा, असं का? हाच विषय घे, यात खरंच काम करण्यासारखं आहे. पणजी वेधशाळेचा हवामान मोजणारा बलून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांचा असतो, त्याचे आकडे वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट मिळतात, स्टेशन नंबर ४३१९२. दाबोळी विमानतळाचे मेटार, म्हणजे नियमित हवामान नोंदींचे रिपोर्ट आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये आहेत, त्यात कधी गडगडलं ते वेळेसकट सापडतं. पायथन येत असेल तर मेटपाय ही हवामानाच्या आकडेमोडीची लायब्ररी वापरून केप, म्हणजे ढगाला वर ढकलणारी ऊर्जा, आणि शिअर, म्हणजे उंचीनुसार वाऱ्यात होणारा बदल, दोन्ही काढता येतात. एक लक्षात ठेव, पहाटेच्या साउंडिंगमध्ये, म्हणजे बलूनने उंचीनुसार मोजलेल्या आकड्यांत, जमिनीलगतची हवा गार असते, तिथे दुपारचं तापमान आणि दवबिंदू घालून केप परत काढ, नाहीतर सगळे दिवस शांतच दिसतील. दुसरं म्हणजे वेधशाळेचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, त्यामुळे दहा तारखेच्या संध्याकाळचा पाऊस अकरा तारखेखाली लागतो, आणि बलूनच्या वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतात. इथे तारखा सरकल्या की पुढचं सगळं चुकतं.

आणि कृपा करून फक्त वादळाचेच दिवस गोळा करू नकोस. मे महिन्यात केप बऱ्याचदा जास्तच असते, वादळ न झालेल्या दिवशीसुद्धा, त्यामुळे कोरडे दिवस शेजारी ठेवल्याशिवाय तुझ्या आकड्याला काही अर्थच येत नाही. विद्यार्थ्यांच्या रिपोर्टांत मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

टोर्नेडोची हौस भागवायची जागा वेगळी आहे. टोर्नेडोची तीव्रता ठरवणारी फुजिता स्केल १९७१ पासून ज्यांच्या नावाची आहे ते हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता १९४५ मध्ये नागासाकीत बॉम्बनंतरची पडझड बघून आले होते, आणि पुढे १९७४ च्या टोर्नेडोंनंतर विमानातून बघताना त्यांना काही जंगलांत झाडं एका जागेपासून चहूबाजूंना चांदणीसारखी पडलेली दिसली. गरगरणारा वारा झाडं अशी पाडत नाही. त्यातून त्यांनी ढगातून खाली आपटून पसरणारा वारा, डाउनबर्स्ट, ओळखला आणि विमान अपघातांचा एक मोठा उलगडा झाला. आता आपल्याकडे मेमध्ये एखाद्या वाड्यावर माड आडवे झाले, कौलं उडाली की लगेच पेपरात चक्रीवादळ म्हणून येतं, पण झाडं कुठल्या दिशेला पडली हे मोजायला कोण जातं? तू जा. प्रत्येक झाडाची बुंध्याकडून शेंड्याकडे दिशा मोबाईलच्या कंपासवर घे, लोकेशन आणि फोटो घे, नकाशावर बाण काढ. अग्निशामक दलवाले रस्ता मोकळा करायला लगेच झाडं कापून बाजूला करतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचायला हवं. बाण एकाच दिशेचे किंवा पसरत जाणारे असले तर डाउनबर्स्ट, अरुंद पट्ट्यात आत वळलेले असले तर फिरणारा वारा असायची शक्यता. पण गडगडाट ऐकू येत असताना शेतात किंवा सड्यावर अजिबात थांबायचं नाही, ऐकू येतोय म्हणजे वीज तुझ्यापर्यंत पोचू शकते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये असू दे.

गाईडना हे दोन भाग एकत्र दाखव, साउंडिंग आणि पडझडीचा नकाशा. पहिलं साउंडिंग वाचताना अडलास तर इथेच कमेंटमध्ये टाक, मी बघते.