मंडळीत लैंगिक अत्याचाराची तक्रार आली तर चर्चने काय करावे?

आपण विचारले आहे की, आपल्या मंडळीतील संडे स्कूलच्या एका शिक्षकाविरुद्ध तेरा वर्षांच्या मुलीने आईकडे तक्रार केली आहे, येत्या रविवारी पंचांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांची, बैठक आहे, तर मंडळीने चौकशी कशी करावी आणि त्या मुलीला समुपदेशन व आध्यात्मिक आधार कसा द्यावा. पहिल्या भागाचे माझे उत्तर सरळ आहे. मंडळीने चौकशी करूच नये. मुलगी अठरा वर्षांखालील आहे, म्हणजे हे प्रकरण 2012 च्या पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली येते. त्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती ज्याला कळली त्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्यात पाळक (मंडळीचे धर्मगुरू), पंच, संडे स्कूलचे सुपरिंटेंडंट, सगळे आले. कोणत्याही पदाला सूट नाही. न कळविल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविला तर ती एक वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी होऊ शकते. खात्री पटेपर्यंत थांबण्याची मुभा कायद्यात कोठेही नाही. गुन्हा घडल्याची माहिती असली, किंवा तो घडण्याची भीती वाटली, तरी कळवायचे आहे.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण ज्या वेळी हे मला ठाऊक असायला हवे होते त्या वेळी मी नवी मुंबईतील एका मराठी मंडळीच्या पास्टोरेट कमिटीची, म्हणजे पंचांच्या समितीची, सेक्रेटरी होते आणि मिनिट्सची, म्हणजे बैठकींच्या नोंदींची, वही माझ्या हातात होती.

डिसेंबर 2015 मधील गोष्ट आहे. नाताळच्या प्रीतिभोजनासाठी आम्ही सात-आठ जणी हॉलच्या मागील स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलो होतो. नववीत शिकणारी एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने हातात सुरी घेतली. बाकीच्या जणी पातेली आणायला बाहेर गेल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, “काकू, मला उद्यापासून प्रॅक्टिसला यायचं नाही. तुम्ही आईला सांगाल का?” मी कारण विचारले. गायनमंडळ चालविणारे, रविवारी उपासनेला पेटी वाजविणारे गृहस्थ प्रॅक्टिस संपल्यावर तिला थांबवून घेत होते आणि काय करीत होते, ते तिने चार-पाच तुटक वाक्यांत सांगितले. सांगताना ती एकच बटाटा सोलत राहिली. साल केव्हाच निघाली होती, तरी सुरी फिरतच होती, आणि शेवटी तो लिंबाएवढा उरला.

मी त्याच संध्याकाळी तिच्या आईला सांगितले आणि तेथून थेट पाळकसाहेबांकडे गेले. आईने पोलिसांचे विचारले, तेव्हा “आधी पाळकसाहेबांशी बोलू” असे मीच म्हणाले. पाळकसाहेबांनी नाताळ होऊ द्या असे सांगितले. नाताळ झाला, वर्षअखेरीची रात्रीची उपासना झाली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कमिटी बसली. त्या बैठकीत नऊ पुरुष आणि दोन बायका होत्या, आणि अध्यक्षांच्या उजव्या हाताला माझे थोरले बंधू बसले होते, जे त्या वेळी वीस वर्षे पंच होते. त्या गृहस्थांना बोलाविण्यात आले. ते गुडघ्यांवर आले, रडले, “माझ्याकडून चूक झाली” म्हणाले. काय चूक झाली, हे त्यांना कोणी विचारले नाही. मग सर्वांनी उभे राहून त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तरुणांचे काम त्यांच्याकडून तीन महिन्यांसाठी काढून घेतले आणि पेटी मात्र त्यांच्याकडेच ठेवली, कारण आमच्याकडे दुसरे कोणी पेटी वाजविणारे नव्हते. भाऊंनी मला एक वाक्य सांगितले आणि मी ते लिहिले: “सदर विषय प्रार्थनापूर्वक मिटविण्यात आला.” ती मुलगी किंवा तिचे आईवडील त्या खोलीत नव्हते. त्यांना बोलवावे असे माझ्याही मनात आले नाही.

पुढील रविवारी ते कुटुंब नेहमीप्रमाणे डावीकडील चौथ्या बाकावर, पंख्याखाली बसले होते. समोर पेटीवर तेच गृहस्थ होते. पहिले गीत संपण्याआधी मुलगी उठून बाहेर गेली, तिच्यामागे आई गेली, आणि तो बाक त्यानंतर रिकामाच राहिला. चर्चने काय करावे असे आपण विचारता, तेव्हा मला तो बाक दिसतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याची जागा राखली गेली आणि जिच्यावर अत्याचार झाला तिची गेली, हे आमच्या डोळ्यांसमोर घडले आणि आम्ही पुढचे गीत म्हटले. म्हणून आपल्याकडे आज पहिली गोष्ट ही व्हावी की तो शिक्षक मंडळीतील सर्व कामांतून बाजूला होईल, निकाल लागेपर्यंत तो मुलांच्या जवळपासही नसेल, आणि उपासनेची वेळ वा जागा बदलायचीच झाली तर ती त्याची बदलेल.

शेवटी पोलिसांना कळविले ते मुलीच्या शाळेतील वर्गशिक्षिकेने. मुलगी वर्गात रडली, बाईंनी विचारले, आणि मुख्याध्यापिकांशी बोलून त्यांनी त्याच दुपारी पोलीस ठाणे गाठले. आमचे तेवीस दिवस गेले होते, त्यांचे तीन-चार तास. महिला उपनिरीक्षक साध्या वेशात मुलीच्या घरी आल्या, कारण कायदा तसेच सांगतो, आणि मुलीला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली नाही. पायरी आम्हाला चढावी लागली. तपास अधिकाऱ्यांनी मिनिट्सची वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “हे अक्षर कोणाचे?” मी “माझे” म्हणाले आणि जे घडले ते सगळे सांगितले. त्या जबाबामुळे भाऊंनी माझ्याशी बोलणे सोडले. आज दहा वर्षे झाली, ते घरातील लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर सलाम घेतात, इतकेच.

त्यांचा आक्षेप असा होता आणि आहे की, बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात बंधूने बंधूला जगाच्या न्यायालयात खेचू नये असे लिहिले आहे, आणि मी ते मोडले. आपल्या बैठकीतही हे वचन कोणीतरी काढणारच, म्हणून लिहिते. पौल तेथे क्षुल्लक व्यवहारांविषयी, एकमेकांना लुबाडण्याविषयी बोलत आहे आणि त्यापेक्षा नुकसान सोसा असे सांगत आहे. एका मुलीच्या शरीरावर झालेला गुन्हा हा तिच्या वतीने पंचांनी सोसण्याचा व्यवहार नव्हे. त्याच पत्राचा पाचवा अध्याय, म्हणजे अगदी आधीचे पान, शारीरिक दुराचार करणाऱ्याला मंडळीतून बाहेर काढा असे सांगते. ते पान आमच्या बैठकीत कोणी उलटले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील ‘एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव’ हेही असेच वापरले जाते, जणू चौदा वर्षांच्या मुलीने एकांतात त्या माणसाकडे पुन्हा जावे. त्याच अध्यायात, त्या वचनाच्या थोडेसे आधी, लहानांपैकी एकाला अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट आहे. आणि जुन्या करारातील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील तामार घ्या. तिचा सावत्र भाऊ अम्नोन याने तिच्यावर बळजबरी केली, सख्खा भाऊ अबशालोम याने तिला गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे असे सांगितले, बाप दावीद राजा फार संतापला आणि त्याने काहीच केले नाही. तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहिली. आमची कमिटी त्या अध्यायातील दावीद होती.

भाऊंचे दुसरे म्हणणे असे की, हे रोमच्या, म्हणजे कॅथॉलिक, चर्चमधील दुखणे आहे, तेथे धर्मगुरू लग्न करीत नाहीत, आपल्यात तसे नाही. आमचे पेटीवादक विवाहित होते आणि दोन मुलांचे वडील होते. 2022 मध्ये अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांविषयीचा चौकशी अहवाल आला, त्यात मुख्य कार्यालयाने आरोप झालेल्या शेकडो सेवकांची यादी स्वतःजवळ गुप्त ठेवल्याचे उघड झाले. ते सगळे प्रॉटेस्टंट. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जॉन स्माइथ या वकिलाने ख्रिस्ती शिबिरांतील मुलांचा वर्षानुवर्षे छळ केला. 1982 मध्ये त्याविषयी अंतर्गत अहवाल तयार झाला, पोलिसांना कळविले गेले नाही, आणि तो माणूस झिंबाब्वेला जाऊन तेथेही मुलांची शिबिरे भरवू लागला. नोव्हेंबर 2024 मध्ये त्या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपना पद सोडावे लागले. प्रकरण आपसात मिटविले की तो माणूस पुढील मंडळीत जातो. आमचेही गृहस्थ आमच्याकडे येण्यापूर्वी दुसऱ्या एका मंडळीतून ‘काही कारणाने’ आले होते. ते कारण आम्ही विचारले नव्हते.

रोमच्या चर्चला याबाबतीत हिणविण्याचा आम्हाला अधिकार नाही. फ्रान्समधील कॅथॉलिक बिशपांनी स्वतंत्र आयोग नेमला, आणि 1950 पासून सुमारे 2,16,000 मुलांवर धर्मगुरूंकडून अत्याचार झाल्याचा त्याचा अंदाज 2021 मध्ये जाहीर झाला. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये धर्मगुरूंनी अशी माहिती वरिष्ठांना कळविणे सक्तीचे केले. आमच्या लहान मंडळ्यांत तर कित्येक ठिकाणी याविषयी लेखी नियमाचा एक कपटाही नाही.

आता आधाराविषयी. समुपदेशक कोठे मिळेल असे आपण विचारले आहे, पण आधार म्हणजे काय ते मला आमच्या मंडळीतील एका मावशींकडून कळले. त्या विधवा होत्या, जेमतेम चौथी शिकलेल्या, आणि कोणत्याही कमिटीवर नव्हत्या. खटला ठाण्याला चालला. मुलीच्या वडिलांना कंपनीतून सुट्टी मिळत नसे, म्हणून आई एकटी जात असे. मावशींना हे कळल्यावर त्या पहिल्या तारखेपासून नेरूळ स्टेशनवर डबा घेऊन उभ्या राहू लागल्या. ठाण्याची गाडी, मग कोर्ट नाक्यापर्यंत रिक्षा, मग बाकावर बसून वाट पाहणे, आणि पुष्कळदा पुढची तारीख घेऊन परत येणे. मी चौथ्या तारखेपासून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. मावशी त्या आईशी प्रकरणाविषयी एक शब्द बोलत नसत. कोपरखैरणे गेले की डबा उघडत, पोळीचे तुकडे करून आईच्या हातात देत आणि ती खाईपर्यंत खिडकीबाहेर पाहत. घरी मुलीसाठी वेगळा डबा असे. कायद्याने खटला शक्यतो वर्षात संपायला हवा. आमचा जवळजवळ चार वर्षे चालला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. मावशींची एकही तारीख चुकली नाही.

त्याच काळात मंडळीच्या प्रार्थना-ग्रुपवर कोणीतरी त्या मुलीचे नाव घालून ‘हिच्यासाठी प्रार्थना करा’ असा संदेश टाकला आणि तो संध्याकाळपर्यंत तीन उपनगरांत फिरला. टाकणारीचा हेतू चांगला होता, पण पीडित बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आपल्या ग्रुपवर आजच सूचना द्या की नाव, इयत्ता, इमारत, यांपैकी काहीही कोणी लिहायचे नाही. आणि क्षमेचा विषय त्या मुलीपुढे कोणीही काढू नये. पंडिता रमाबाईंनी केडगावला अत्याचारातून आलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळे उभारले, तेव्हा आधी निवारा आणि पोटाला अन्न दिले; आमच्या पंचांनी त्या मुलीनेच आधी त्या गृहस्थांना क्षमा करावी अशी अपेक्षा धरली.

व्यवहाराचे थोडेसे सांगते. पोलिसांनी बाल कल्याण समितीला चोवीस तासांत कळवायचे असते, आणि ती समिती मुलीच्या व पालकांच्या संमतीने खटला संपेपर्यंत सोबत करणारी आधार व्यक्ती देऊ शकते. आईला ती मागायला सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि राज्याच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक साहाय्यही मिळते. समुपदेशक मंडळीबाहेरचा असावा, कारण जो माणूस रविवारी आरोपीच्या बायकोलाही भेटणार आहे त्याच्याजवळ ती मुलगी मोकळी होणार नाही. आरोपीची बायको आणि मुले यांनाही कोणीतरी भेटले पाहिजे, मात्र ती माणसे वेगळी असावीत.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. पीडित व्यक्ती अठरा वर्षांवरील असेल तर हे सगळे असेच लागू होत नाही. तेथे पोलिसांकडे जायचे की नाही हा निर्णय तिचा, आणि मंडळीने तिच्या वतीने धावत सुटू नये. मी वकील नाही, आणि आपल्याकडील शिक्षक दोषीच आहे असेही म्हणत नाही. ते ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आणि नेमके म्हणूनच ते पंचांनी ठरवू नये.

बैठक रविवारी आहे असे आपण लिहिले आहे. रविवारची वाट पाहू नका. मुलीच्या आईला भेटा, ती तयार असेल तर तिच्याबरोबर जा, ती घाबरली असेल तर 1098 या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करून स्वतः कळवा, आणि पाळकसाहेबांना त्यानंतर सांगा. रविवारी सेक्रेटरी वही उघडतील तेव्हा त्या विषयाखाली लिहिण्यासाठी त्यांच्याजवळ पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा नोंद क्रमांक आणि तारीख असली पाहिजे.