बॅकवॉटर म्हणजे नेमके काय, आणि कोकणातल्या खाडीला तो शब्द चालेल का?

दाभोळ खाडीच्या काठी आपण पर्यटकांसाठी खोल्या बांधत आहात आणि पाटीवर 'बॅकवॉटर' लिहावे की 'खाडी', असे आपण विचारले आहे. माझ्या मते 'खाडी' लिहावे.

वाहत्या पाण्याला पुढे अडसर आला, मग तो धरणाचा असो, वाळूच्या दांड्याचा असो किंवा भरतीचा, की मागे तुंबून पसरणारे संथ पाणी म्हणजे बॅकवॉटर. घाटावर हा शब्द बहुधा धरणाच्या फुगवट्यासाठी वापरतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठची तापोळा आणि बामणोली ही त्याची परिचित उदाहरणे. केरळात मात्र किनाऱ्यालगतची वेंबनाडसारखी सरोवरे आणि त्यांना जोडणारे कालवे या सर्वांना मिळून इंग्रजीत हे नाव आहे, तेही अनेकवचनी, आणि पर्यटकाच्या मनात हेच चित्र असते.

आपली दाभोळ खाडी म्हणजे वाशिष्ठी नदीचे मुख, तिचे तसे नाही. ते समुद्राला उघडे आहे, भरतीचे पाणी थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते आणि ओहोटीला परत उतरते. उधाणाच्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहिल्यास या पाण्याला संथ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. (कोयनेचे अडवलेले पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीतच सोडले जाते, तेव्हा थोडे बॅकवॉटर आपल्याही खाडीत आहे, असे चेष्टेने म्हणता येईल.) मालवणजवळच्या देवबागेची गोष्ट निराळी आहे. तेथे कर्ली नदी वाळूच्या चिंचोळ्या पट्टीआडून किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहत जाऊन समुद्राला मिळते, त्यामुळे तेथील मंडळींनी हा शब्द वापरला तर माझी हरकत नाही.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. इंग्रजीत एखाद्या गावालाच बॅकवॉटर म्हटले, तर कोपऱ्यात पडलेले, जगाच्या मागे राहिलेले गाव असा त्याचा अर्थ होतो आणि त्यात हेटाळणी असते. म्हणून इंग्रजी माहितीपत्रकात 'आमचे गाव बॅकवॉटर आहे' अशा अर्थाचे वाक्य कदापि छापू नये.

पाटीवर 'खाडीकिनारी' लिहिलेत, तर भरती-ओहोटीच्या वेळा मात्र खोलीत लावून ठेवाव्यात. ओहोटीला चिखल उघडा पडला की पाहुणे पाणी कुठे गेले, असे विचारतातच.