हात गार पडतात तेव्हा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सादरीकरणाच्या आदल्या रात्री झोप येत नाही, छाती धडधडते, हात गार पडतात. आणि त्यावरून ‘मी या कामाच्या लायकच नाही’ असं तू ठरवून टाकलंस. लक्षणं खरी आहेत, निष्कर्ष मात्र चुकलाय.

हात गार पडतात, कारण अॅड्रिनलिन हे संप्रेरक सुटलं की त्वचेकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. हृदयाचा वेग वाढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. म्हणजे तुझं शरीर कामाला सज्ज झालेलं असतं, आणि तू त्याला भित्रेपणा म्हटलंस! हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ पासून ताणाचे दुष्परिणाम तपासले. पुढे त्यांनीच हितकारक ताणासाठी ‘युस्ट्रेस’ हा वेगळा शब्द रूढ केला. त्या माणसाला असा शब्द लागावा, हे मला फार बोलकं वाटतं.

१९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना कमी-अधिक जोराचे विजेचे धक्के देत शिकवलं. काम सोपं होतं तिथे धक्का वाढला तसे उंदीर लवकर शिकले. काम अवघड झालं तेव्हा मात्र मध्यम धक्काच उपयोगी पडला; जोराच्या धक्क्याने ते मागे पडले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण मी स्वतः यातून एक गोष्ट घेतली: ताण कमी करता येत नसेल, तर सरावाने काम सोपं करायचं.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एक काम संपायच्या आत मी दुसरं अंगावर घ्यायचो, आणि त्याचा अभिमानही होता. वर्षभरात साध्या गोष्टी विसरायला लागलो, घरच्यांवर खेकसायला लागलो. कामं झेपत होती, पण त्या ताणाला कुठे शेवटच नव्हता. व्यायामाने स्नायू बळकट होतात ते नंतरच्या विश्रांतीत. ती मी स्वतःला कधी दिलीच नाही. असा ताण महिनोन्‌महिने राहिला की झोप, रक्तदाब, प्रतिकारशक्ती सगळ्यालाच झळ लागते.

म्हणून प्रत्येक ताणाला एक शेवट ठरवून दे. सादरीकरण झालं की लगेच पुढच्या फाइलला हात घालू नकोस, अर्धा तास चालून ये. रात्री उद्याचं पहिलं काम कागदावर लिही आणि कागद बाजूला ठेव. बोलायला उभं राहण्याआधी ‘शांत हो’ असं स्वतःला बजावू नकोस, ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हण. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली होती. मात्र काम संपूनही आठवडेच्या आठवडे झोप लागली नाही, तर डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही.

तारीख कळव. आदल्या संध्याकाळी पहिली ५ मिनिटं मला फोनवर मोठ्याने म्हणून दाखव.