घंगाळ कुणाला द्यायचं?

भुसावळ

प्रिय बेटा,

फोनवर सांगितलेलं तुझ्या लक्षात राहायचं नाही, म्हणून लिहितेय. यावलचं घर मेअखेर रिकामं करून द्यायचं आणि पुण्याला तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत तुम्ही चौघं. तू म्हणतेस, आई काही टाकूच देत नाही. पण अगं, टाकण्यासारखं तिथे आहे काय? तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, हंडे, जातं, पाटा, मांड्यांचं खापर, गव्हाच्या कोठ्या. नुसता कचरा असता तर तुमचं भांडणच झालं नसतं. सगळं धड आहे, फक्त नव्या घरात त्याला काम नाही.

तेव्हा ‘हे काढायचं का?’ असं विचारूच नकोस, ‘हे कुणाला देऊ या?’ असं विचार. रेल्वेच्या नोकरीत आम्ही मनमाड, इगतपुरी, खंडवा असं क्वार्टर बदलत फिरलो. प्रत्येक वेळी सासूबाईंचं एकच पालुपद, ‘ऱ्हाऊ दे ना, कामे येई.’ पण घेणाऱ्याचं नाव पुढे ठेवलं की त्याच स्वतः ती वस्तू चिंचेनं घासून द्यायच्या. खापराचंच बघ. इंडक्शनवर ते चालणार नाही, आणि गॅसवर चाललं तरी पुण्यात मांडे करतंय कोण? ते ऑर्डरीचे मांडे करणाऱ्या एखाद्या बाईला दे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्याकडे खापरं कमीच पडतात. आईलाही कळेल की चूल बदलली, पुरणपोळी तीच आहे.

मोडीत घालायचं ते घाईनं घालू नकोस. तांबं, पितळ, कासं आधी घरीच वेगळं कर. कासं पितळेच्या भावात देऊन बसतात लोक, कारण रंग सारखाच वाटतो. कास्याची वाटी बोटावर तोलून टिचकी मार, बराच वेळ वाजत राहते. त्यात तांब्याबरोबर कथील असतं आणि कथील महाग, म्हणून कास्याचा भाव वेगळाच मागायचा. दोन दुकानी विचार, आणि वजन तुझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. नाव घातलेली स्टीलची भांडी मात्र आई एकेक वाचत बसेल, ‘हा अमुक मामांचा आहेर, हा तमुक आत्याचा.’ वाचू दे. प्रत्येक नावाचं एक भांडं ठेवायचं, बाकीची द्यायची, असं तिच्याशी ठरवून टाक.

सुरुवात माळ्यापासून कर आणि फोटोंचा डबा शेवटी उघड. तो पहिल्या दिवशी उघडलास तर त्या दिवशी दुसरं काही होणार नाही. माळ्याचं काम सकाळी नऊच्या आत उरकायचं. आपल्याकडचा मे तुला सांगायला नको, आणि धाब्याच्या घरात छताच्या लाकडी सरांच्या सांदीत विंचू असतात. काठीनं ठोकल्याशिवाय हात घालू नकोस.

यंदा वर्षाचे गहू भरू नका. पापड-कुरडयाही करू नका, आहेत त्याच संपवा. कळण्याचं, म्हणजे भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ उरलंच तर शेजारी दे, तिकडे दळून मिळेल की नाही म्हणून गोणभर वाहून नेऊ नकोस. जुन्या सुती साड्या आणि धोतरं गोधडी शिवणारीला. गाद्यांचा कापूस चांगला असेल तर पिंजून एकच नवी गादी करून घे, बाकी कुणाला हवा त्याला. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारवाल्याला घालू नकोस, नवी घेशील त्या दुकानात ती परत घेऊन तेवढे पैसे वळते करतात.

आता कागद. इथे मी तुला घाई करू देणार नाही. ट्रंकेतला एकही कागद न वाचता रद्दीत जाता कामा नये. अलीकडच्या सातबाऱ्याच्या छापील प्रती खुशाल फाड, डिजिटल सहीचा उतारा आता ऑनलाइन निघतो. पण मूळ खरेदीखत, हाताने लिहिलेले जुने उतारे आणि फेरफार, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेव. जातपडताळणीला असा जुना कागदच कामाला येतो, आणि घरातल्या कुणाला तो कधी लागेल सांगता येत नाही. शिक्क्यावर ‘पूर्व खान्देश’ दिसलं तर गोंधळू नकोस. १९०६ साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले, आणि आपल्या जिल्ह्याला जळगाव हे नाव १९६० मध्ये मिळालं, त्याआधीचा तो कागद. मोडी लिपीतली बाडं निघाली तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचार. १९२७ पासून ते अशाच कागदांसाठी आहे. वाळवी लागलेलं बाड उन्हात पसरू नकोस, सावलीत वाऱ्याला ठेव.

देवघराला तू हात लावायचा नाही. कानबाईचं, आपल्या खान्देशातल्या देवीचं, साहित्य कुणाकडे राहील हे भाऊबंदांत विचारून घरातली थोरली, मोठी माय ठरवेल. दुसऱ्या घरी गेलं तर श्रावणात तुम्ही रोटांना, तिच्या प्रसादाच्या जेवणाला, तिथे जाल, एवढंच. आणि मोठ्या मायच्या पेटीला तर कुणीच हात लावू नका. आतलं सगळं निरुपयोगी असेल, तरी पेटी जशीच्या तशी ट्रकमध्ये चढवा. तेवढी जागा पुण्यात होते.

जातं कुणी घेत नाही, माझ्याच अनुभवावरून सांगते. ते घर घेणाऱ्यांनाच विचार, अंगणात राहू देत असतील तर बरं. घंगाळाला मात्र गिऱ्हाईक आहे. माझ्या धाकट्या जावेला गणपतीच्या आराशीला हवंय, फुलं-पाणी ठेवायला. आईला तिचं नाव सांग आणि काय म्हणते ते रविवारपर्यंत कळव, म्हणजे भाच्याला गाडी घेऊन पाठवते. येताना तो रिकामी खोकी आणि सुतळीही आणेल.

तुझी,
काकू