जुन्या घराची ओल आणि नवं काँक्रीट : वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक प्रश्न ओलीचेच आलेत आणि ते साहजिकच आहे, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात कित्येक जुनी घरं पार आतपर्यंत भिजली. पण प्रश्न वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, ओल दिसली की माणूस आधी सिमेंटची गोणी आणतो. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की आधी पाणी येतंय कुठून आणि बाहेर जाणार कुठून ते बघा, सिमेंट त्याच्यानंतर.

प्रश्न : आमचा वाडा आजोबांच्या काळातला आहे, दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत. दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकतो तरी ढाळजेत आणि मधल्या खोलीत गळतंच. खालच्या भिंतींना लोणा लागलाय. मिस्त्री म्हणतो वरून चार इंच काँक्रीट ओता आणि आतून सिमेंटचा गिलावा करा, कायमचा विषय संपेल. करावं का? (एक वाचक, औसा)

उत्तर : नका करू दादा, दोन्ही नका करू.

आधी वजनाचं बघा. दरवर्षी मातीवर माती पडत गेली की माळवद दीड-दीड फूट जाड होतं, मग दहा बाय दहाच्या खोलीवर नुसत्या कोरड्या मातीचंच साडेसहा-सात टन वजन असतं, भिजली की अजून वाढतं. त्यावर चार इंच काँक्रीट म्हणजे आणखी सव्वादोन टनाच्या वर. आणि हे सगळं तोललंय कुणी, तर मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि जुन्या तुळयांनी. किल्लारी तुमच्याच तालुक्यातली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात काय झालं ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. त्या रात्री माणसं गेली ती जास्त करून ह्याच दोन गोष्टींनी, डोक्यावर जड माती आणि खाली आतून न जोडलेल्या जाड भिंती. त्यात आपण स्वतःच्या हातानं वजन वाढवायचं हे मला कुठल्याच हिशोबात बसत नाही.

दुसरं म्हणजे ते काँक्रीट टिकणारही नाही. खालची लाकडं वाकतात, माती दबते, काँक्रीट वाकत नाही मग ते तडकतं, तडकलं की पाणी आत जातं आणि आता ते वरून वाळत पण नाही. माळवद भिजतं तसं उन्हात वाळतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. वर झाकण बसलं की तुळया आणि किलचणं (तुळयांवरची बारीक लाकडं) आतल्या आत कुजतात आणि खालून काहीच दिसत नाही, एक दिवस खणच खाली येतो.

मग करायचं काय, तर वजन कमी करायचं. उन्हाळ्यात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, वरची जास्तीची माती हळूहळू उतरवून आठ इंचापर्यंत आणा, सगळ्या खोल्यांवरून सारखी उतरवा, एकाच बाजूला ढीग करू नका. उतरवताना तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं नक्की तपासा, कारण लाकूड कुजायला सुरुवात तिथूनच होते, टोकदार सळईनं टोचून बघायचं, सळई आत रुतली तर ती तुळई बदलायची. मग जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर मातीचा थर, उतार पन्हळीकडे, आणि पन्हळ भिंतीपासून चांगली दोन फूट बाहेर. बऱ्याच घरांत पन्हळ इतकी आखूड असते की सगळं पाणी भिंतीवरूनच ओघळतं आणि आपण वर गळती शोधत बसतो. खर्चाची तयारी असेल तर हलक्या पाइपांच्या सांगाड्यावर पत्रे टाकले तरी चालतं, फक्त ते वादळात उडणार नाहीत असे नीट बांधून घ्या.

आता लोणा. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात, तोच लोणा. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की पाण्याला बाहेर यायची वाट बंद होते, मग ते अजून वर चढतं, पहिल्या वर्षी भिंत छान दिसते आणि दोन-तीन वर्षांत कमरेपर्यंतचा लोणा खांद्यापर्यंत जातो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. जुना गिलावा काढा, सांधे साफ करा, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्या आणि मग चुन्याचा गिलावा करा. नुसत्या चुन्यात काम करणारा गवंडी मिळत नसेल तर एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू असा मऊ माल चालतो. बाहेरून जोत्याला टेकलेली माती आणि उकिरडा काढून टाका, तेवढ्यानं सुद्धा बराच फरक पडतो.

तुमच्या वाड्यात काँक्रीटची खरी गरज एकाच ठिकाणी आहे आणि ती मिस्त्रीनं सांगितलीच नाही. ह्या भिंतींना बाहेरचा एक थर असतो, आतला एक थर, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही थर एकमेकांना धरून नसतात म्हणून भिंतीला पोट येतं. त्यासाठी साधारण मीटर-मीटरवर, आडवं आणि उभं, एकेक दगड सळईनं हळू हलवून काढायचा, भिंतीतून आरपार तीन इंचाचं भोक करायचं, दोन्ही तोंडांना जरा रुंद ठेवायचं, आत दोन्हीकडं आकडा वळवलेली आठ एमएमची सळई ठेवायची आणि १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट गच्च भरायचं, दहा दिवस पाणी मारायचं. घण किंवा ड्रिल मशीन अजिबात नको, हादऱ्यानं आतली भर निसटते. काम थोडं थोडं करत जा, एकाच वेळी दहा भोकं उघडी ठेवू नका. भिंतीला आत्ताच पोट आलेलं असेल तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, पत्रावरून ते ठरवता येत नाही.

प्रश्न : आमचं घर काळ्या जमिनीवर आहे. कोब्याला दर उन्हाळ्यात भेगा पडतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात, पावसाळ्यात त्या आपोआप मिटल्यासारख्या होतात. दरवर्षी एप्रिलमध्ये सिमेंट भरतो. (वाचक भगिनी, परभणी)

उत्तर : ताई, दुखणं जमिनीचं आहे, भिंतीचं नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घराच्या कडेची जास्त आणि मधली कमी, म्हणून घर वाकतं. आणि एप्रिलमध्ये चीर सगळ्यात जास्त उघडलेली असताना तुम्ही तिच्यात कडक सिमेंट भरता, जुलैत माती फुगली की भिंतीला मिटायला जागाच राहत नाही, मग शेजारी नवी चीर. ते भरणं थांबवा आणि आत पाणी येत असेल तर तिथं लवचिक सीलंट भरा.

घराभोवती मातीतली ओल वर्षभर जितकी सारखी राहील तितकं बरं. न्हाणीचं आणि छताचं पाणी जोत्याजवळ मुरू देऊ नका, नळीनं लांब न्या. भिंतीलगत चारही बाजूंनी तीन-चार फूट रुंद काँक्रीटचा पट्टा करा, उतार बाहेरच्या बाजूला, पण तो भिंतीला चिकटवायचा नाही, मध्ये अर्धा इंच सांधा ठेवून त्यात डांबर भरायचं कारण पट्टा वरखाली होणार आणि भिंतीला ओढायला नको. भिंतीला लागून मोठं झाड असेल तर तेही कारण असू शकतं. कोबा पुन्हा करायचाच असेल तर खालची काळी माती दोन-तीन फूट काढून मुरूम भरा, थरावर थर, पाणी मारून धुमस करून. नुसतं वरून नवीन करण्यात पैसे वाया जातील.

प्रश्न : मुलगा टोरोंटोजवळ राहतो, जुनं घर घेतलंय. गाडी लावायच्या काँक्रीटचे वरचे पापुद्रे निघतायत, पायऱ्या पण सुटल्यात. तो म्हणतो वरून सिमेंटचा पातळ थर देऊ. आपल्याकडे असं करतात, तिकडे चालेल का? (एक आई, लातूर)

उत्तर : नाही चालणार, तिकडचा शत्रूच वेगळा आहे. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत मुरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, हिवाळाभर असं चालतं आणि वरचा थर सुटत जातो, त्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ अजून भर घालतं. पातळ थर दिला तर त्याच्या आणि जुन्याच्या मध्ये पाणी शिरेल आणि पहिल्याच हिवाळ्यात तो उचलला जाईल.

वरवरचंच गेलं असेल तर तूर्त राहू दे म्हणावं, खोलवर गेलं असेल तर तोडून नवीन करावं. तिकडे गाडी लावायच्या, मिठाच्या संपर्कातल्या अशा काँक्रीटला ३२ मेगापास्कल ताकद, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही आणि पाच ते आठ टक्के मुद्दाम अडकवलेली बारीक हवा असा कॅनडाचा नियम आहे. ती हवा फार महत्त्वाची, गोठणाऱ्या पाण्याला फुगायला तेवढी जागा मिळते, आपल्याकडचं साधं काँक्रीट तिथं म्हणूनच टिकत नाही. प्लँटमधून माल मागवताना हे सगळं लेखी मागायचं आणि गाडी आल्यावर ‘जरा पातळ करा’ म्हणून पाणी ओतू द्यायचं नाही. खाली दाबून बसवलेली खडी, उतार घरापासून लांब, कारण जुन्या घरांच्या तळघरात ओल येते ती बऱ्याचदा ह्याच पाण्यानं. पायऱ्यांचा पाया जमीन गोठते त्याच्याखाली हवा, त्या भागात ते सुमारे चार फूट येतं, सुटलेल्या पायऱ्यांचं कारण बहुतेक तिथंच असेल. काम वसंतात किंवा उन्हाळ्यात करावं, आणि पहिल्या हिवाळ्यात मीठ न टाकता नुसती वाळू टाकावी.

हे वाचून आपल्याकडच्यांनी थंडी सोडून देऊ नका बरं का. परभणीत डिसेंबरात रात्री पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो कधी कधी. गोठत नाही काही, पण काँक्रीट फार हळू पकडतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढायचे हा आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) मधला हिशोब तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचा आहे. सेंट्रिंगवाला घाई करतो कारण त्याला सामान पुढच्या साइटवर न्यायचं असतं, त्याला अजून आठवडाभराचे पैसे द्या पण टेकू राहू द्या.

प्रश्न : जुन्या घरावर खोली वाढवतोय. बोअरचं पाणी मचूळ आहे, स्लॅबला वापरलं तर चालेल का? टँकर परवडत नाही. (एक वाचक, गेवराई)

उत्तर : तपासल्याशिवाय नको. सळई असलेल्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत लागतं, बिनसळईच्या कामाला २००० पर्यंत चालतं. बाटलीभर पाणी लॅबमध्ये द्या, खर्च फार नसतो. ५०० च्या वर पण २००० च्या आत निघालं तर बोअरचं पाणी घराभोवतीच्या सळई नसलेल्या पट्ट्याला, कोब्याला वापरा आणि स्लॅबपुरता टँकर घ्या, पाणी मारायलासुद्धा तोच. एका गोणीला पंचवीस-तीस लिटरच्या वर पाणी लागायलाच नको, त्यामुळे मिसळायला वाटतं तेवढं लागत नाही, जास्त लागतं ते नंतर भिजवायला, तिथं स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवा आणि खांबांना ओली पोती गुंडाळा, बरीच बचत होते. आणि हो, वर खोली चढवायच्या आधी खालच्या जुन्या भिंती आणि पाया ते वजन घेतील का हे तुम्ही विचारलंच नाहीये, ते इंजिनिअरकडून आधी बघून घ्या, पाण्याचं नंतर.